हातोहात गेलेले पऱ्हे

एकोडीची मंगलाबाई मेश्राम माशीला भ्याली, असं गावात कोणी कधी पाहिलं नाही. उघड्या हातांनी पेटी उघडायची, एखादी डसलीच तर नखानं काटा काढून टाकायची आणि वर त्या माशीलाच रागवायची, "मेली नं आता तू. काय भेटलं तुले?" आंब्यावरचं आग्या मोहोळ उठलं की गावातले बाप्ये गोठ्यात शिरून दार लावून घ्यायचे, आणि ही बाई पदर डोक्यावरून घट्ट ओढून जागच्या जागी उभी राहायची. बाप्यांना याचा रागच यायचा म्हणा. बाईमाणसानं थोडं तरी भ्यावं की नाही! पण मंगलाबाईलाही एका गोष्टीचं भेव होतं, आणि ते कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. तिला दोन शब्दांचं भेव होतं. "खाली ठेव."

हे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती फ्रॉकही न घालणाऱ्या वयाची होती. माहेरच्या गावात पाटलाच्या परसातला आंबा कुडाबाहेर पडला. पोर भाबडी, उचलून धावत द्यायला गेली. पाटलीणबाई वट्यावरून म्हणाली, "खाली ठेव." पोरीनं ठेवला. बाईनं लोट्यातलं पाणी त्या आंब्यावर शिंपडलं आणि मग उचलला. रागानं नाही हो, अगदी सवयीनं, तुळशीला पाणी घालावं तसं. घरी येऊन पोरीनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले, काही लागलं आहे का म्हणून.

पुढे छप्पन साली तिचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि लेकीला म्हणाला, "आजपासून कोणाच्या दारी वाकून काही ठेवायचं नाही." बापानं सांगितलं ते बरंच केलं, पण त्यानं ते लेकीला सांगितलं, गावाला कोण सांगणार? मंगला लग्न होऊन एकोडीला आली, चिंधूचा संसार करू लागली, तोवर विहिरी बदलल्या होत्या, शाळा बदलली होती, बोलायची तऱ्हाही बदलली होती. तरी कुठं धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेलं की चहाची वेगळी कपबशी गोठ्याच्या वळचणीतून निघायची. कोणी काही बोलत नसे. कप खाली ठेवायचा, बाजूला व्हायचं.

पंच्याहत्तरच्या सुमाराला त्या भागात मधमाशा पाळायची योजना आली. साकोलीला शिबिर झालं. बाप्यांनी पेट्या पाहिल्या, माश्या पाहिल्या आणि घरी येऊन तोंडं सुजल्याच्या गोष्टी सांगितल्या. मंगलाबाई मात्र सातेरी माश्यांची पेटी घेऊन आली. चिंधूनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "घरात धान नाही, अन् हे डसणारं लेकरू कायले आणलं?" पण त्या लेकरानं पहिल्याच चैत्रात करंजाचा आणि मोहाचा मध दिला, आणि चिंधू गप बसला. पेटी वाढून पेट्या झाल्या. परसातल्या जांभळाखाली तिनं त्या विटांवर मांडल्या, खाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.

आता धानाच्या मुलखात एक रीत आहे. रोवणीच्या वेळी कोणाचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सडली किंवा पुरानं वाहून गेली, तर शेजारी आपले उरलेले पऱ्हे देतो. त्याचे पैसे घेत नाहीत. मागणारा लाजत नाही आणि देणारा उपकार काढत नाही, कारण पुढच्या साली पाणी कोणाच्या बांधीत शिरेल ते कोणाला ठाऊक? माशी पाळणाऱ्यांनी हीच रीत पेट्यांना लावली. पेटी कमजोर झाली, माश्या कमी झाल्या, की दुसऱ्याच्या भरल्या पेटीतून पिल्लांनी भरलेल्या पोळ्याची एक लाकडी चौकट आणायची आणि आपल्या पेटीत घालायची. पिल्लं फुटली की पेटी पुन्हा भरते. शिबिरात शिकवलं होतं ते आपल्याच एका पेटीतून दुसऱ्या पेटीत देण्याचं. या गावाहून त्या गावाला पाठवायची अक्कल या लोकांची स्वतःची. त्या चौकटीला ते पऱ्हेच म्हणायचे.

पहिले पऱ्हे मंगलाबाईकडे मागितले ते जांभळीटोल्याच्या कुंताबाईनं. कुंताबाई लांजेवार शेतकऱ्याच्या घरची सून, मंगलाच्याच वयाची, हसरी आणि घाबरट. तिच्या घरीही योजनेतली पेटी आली होती, पण पावसाळ्यानं माश्या ओसरल्या होत्या. बाजारात भेटून म्हणाली, "मंगलाबाई, मले पऱ्हे देसान काय वं?" मंगलाबाई ओल्या फडक्यात चौकट गुंडाळून बांधाबांधानं चालत जांभळीटोल्याला गेली. अंगणात पोचून फडकं काढलं. वट्यावर कुंताबाईची सासू शकुनबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं आणि जुन्या सवयीनं म्हणाली, "खाली ठेव वं."

मंगलाबाईच्या हातात माश्या फिरत होत्या, आणि तेच दोन शब्द पुन्हा कानावर आले. तरी बोलली, "मामी, हे खाली ठेवता येत नाही. मुंग्या लागतीन. हातोहातच द्या लागते."

शकुनबाई सुनेकडे पाहत राहिली. कुंताबाईनं घाबरत घाबरत दोन्ही हात पुढे केले. चौकटीचं एक टोक हिच्या बोटांत, दुसरं तिच्या, आणि मधे शेकडो माश्या. बोटाला बोट लागलं. कुंताबाईला एक माशी डसली तरी तिनं चौकट सोडली नाही. त्या दिवशी चहा आला तो घरातल्या कपात, आणि हातात आला. मंगलाबाईनं तो इतका हळू प्याला की शेवटी कुंताबाई म्हणाली, "थंडा झाला असन, दुसरा देऊ काय?"

त्यानंतर वर्षामागून वर्षं पऱ्हे जात राहिले. जांभळीटोला, मोहटोला, पाथरी. कुठल्याही घरी गेली की लोक हात पुढे करायचे. चौकट खाली ठेवता येत नाही, ही गोष्ट पोराबाळांनाही ठाऊक झाली. मंगलाबाईला मधाचं कौतुक होतंच, पण खरं सुख तिला त्या पुढे आलेल्या हातांचं होतं, आणि ते तिनं चिंधूलाही कधी सांगितलं नाही.

पंच्याऐंशी साली दसऱ्याच्या आसपास तिनं एक पेटी उघडली आणि तिला काहीतरी खटकलं. पिल्लांच्या घरांवर मेणाची झाकणं असतात, ती कुरतडल्यासारखी दिसत होती. आत पिल्लू पाठीवर ताणून पडलेलं, डोकं वर, पिवळट. तिनं मनाशी म्हटलं, ऊन लागलं असेल. दुसरी उघडली, तिथंही तेच. माश्या कामाला जात होत्या, पण त्यांच्या गुणगुणण्यात नेहमीचा जोर नव्हता. तिनं पेट्या सावलीत सरकवल्या, जागा झाडल्या, मुंग्यांच्या वाट्या घासून काढल्या. काही फरक पडेना. मग भंडाऱ्याला योजनेच्या साहेबांना निरोप पाठवला.

दिवाळीच्या आधी साहेब फटफटीवर आले. चांगला माणूस होता. चहाही न घेता आधी जांभळाखाली गेला. आगपेटीतल्या काडीनं एक मेलेलं पिल्लू त्यानं घरातून उचललं, आणि ते तुटलं नाही, सबंध बाहेर आलं. पाण्यानं भरलेली इवलीशी थैली काडीच्या टोकाला लोंबत होती. साहेबांचा चेहरा उतरला.

"बाई, हे उन्हाचं नाही. हा विषाणूचा रोग आहे, पिल्लांचा. वरच्या मुलखात गेल्या काही वर्षांत बागाच्या बागा रिकाम्या झाल्या यानं. इकडे यायला नको होता."

"दवा काय हाये, साहेब?"

"दवा नाही."

त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. मोठी माशी मरत नाही, पण मेलेलं पिल्लू साफ करताना रोग तोंडात घेते आणि दुसऱ्या पिल्लाला भरवताना देते. पोळ्यासोबत जातो, मधासोबत जातो, सुरीला लागून जातो. "आणि तुम्ही लोक चौकटी देता-घेता," साहेब म्हणाले. "हातोहात जातो म्हणा ना. पेटीला हात लावला की साबणानं धुवा. आता कुठून आला आणि कुठवर गेला, ते कळायला पाहिजे. मी परका माणूस, मला कोणी धड सांगणार नाही. तुम्ही घरं ओळखता, तुम्ही विचारा. आणि जिथं अजून पोचला नसेल, तिथं आधी सांगा की कोणाकडून काही घेऊ नका."

साहेब गेले. मंगलाबाई जांभळाखाली बसून राहिली. दवा नाही हे ऐकून ती जितकी हबकली नव्हती तितकी त्या एका शब्दानं हबकली होती. हातोहात. कोणाच्या हातानं, ते साहेबांनी विचारलं नव्हतं. विचारायची गरज काय? तिनं आपले हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी ती मोहटोल्याला गेली. टिकाराम हा तिथला शेतकरी, मनानं मोकळा, पण आईच्या शब्दाबाहेर नसलेला. त्याच्या पेट्या विहिरीजवळ होत्या. एक रिकामी पडली होती, एकीत तीच कुरतडलेली झाकणं. तिसरी मात्र माश्यांनी गच्च होती आणि टिकाराम तिच्याकडे अभिमानानं बोट दाखवत होता. मंगलाबाईनं वाकून पाहिलं. गच्च पेटीतही मधूनमधून झाकणांना भोकं होती. टाचणी जाईल एवढीच.

"हे कव्हापासून?" तिनं विचारलं.

"पऱ्हे टाकले त्याच्या नंतर. तुह्याकडून नाही काय आणले पोळ्याच्या सणाले, तेच."

"अन् तू कोणाले देले काय?"

"पाथरीच्या भोजराजले एक चौकट देली. काहून?"

"काही नाही. साहेबानं इचारलं म्हणून."

वट्यावर टिकारामची आई वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं. टिकाराम ओशाळून हसला. म्हणाला, "बुढी म्हणते, कोणाच्याही हातचं असं घेत जाऊ नोको. मी नाही म्हणत, बुढी म्हणते." मग त्यानं चहा मागवला. चहा कपात आला, हातात आला, आणि मंगलाबाईनं तो घेतला. सांगायची वेळ होती ती तीच. सांगून टाकायचं होतं, की बाबा रे, बिमारी माझ्या घरून आली, ही गच्च पेटीही गेली, आता पुढे कोणाला देऊ नको.  पण तिनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि ती निघाली.

पाथरीला भोजराजची पेटी उघडी पडली होती. माश्या पोळं सोडून कुठं उडून गेल्या, त्याला ठाऊक नव्हतं. बिचारा म्हणाला, "रुसल्या असतीन." मंगलाबाईनं रिकाम्या पोळ्यातून एक पिल्लू काडीनं उचललं. थैलीच होती.

परतताना ती बांधाबांधानं चालली. लवकर येणारा हलका धान पिवळा पडला होता, चांगलं पीक होतं, पण तिला ते दिसत नव्हतं. पाथरी टिकारामकडून, टिकाराम आपल्याकडून. आणि आपल्याकडे कुठून? ते आठवायला तिला वेळ लागला नाही. मृग लागला तेव्हा मोठ्या सडकेवर मालमोटार थांबली होती. कुठल्या लांबच्या मुलखातला माश्यांचा व्यापारी, चाक फुटलं म्हणून अडकलेला. मंगलाबाईनं त्याच्या पेट्यांना सावली दिली, पाणी दिलं, त्याला भाकर दिली. जाताना त्यानं एक कमजोर पेटी तिला देऊन टाकली, "रख लो, बहनजी, रास्ते में मर जाएगी." आणि तिनं काय केलं, तर त्या मरतुकड्या माश्यांना आपल्या पेटीतले पऱ्हे दिले आणि त्यांची पोळी आपल्या माश्यांत मिसळली. सगळं मायेनं. तो व्यापारी कोण, कुठला, आता कोण शोधणार! वाट तिच्या अंगणाशी येऊन संपत होती. लोकांना मालमोटार दिसणार नव्हती, मंगलाबाई दिसणार होती.

एकच घर राहिलं होतं, जांभळीटोल्याचं. कुंताबाईची पेटी त्या साली जोरात होती, तिनं पऱ्हे मागितले नव्हते, आणि मंगलाबाईनं त्या पेटीला हात लावला नव्हता. ती पेटी अजून धड असेल. साहेब म्हणाले होते, जिथं पोचला नाही तिथं आधी सांगा.

घरी चिंधूनं सगळं ऐकून घेतलं. हा माणूस एरवी थट्टेखोर, पण त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही. म्हणाला, "सांगू नोको. बिमारी माशीची हाये, पण नाव आपलं होईन. तुह्या हातानं आली म्हणतीन. मग पाह्य, कप पुन्हा गोठ्यातून निघते की नाही."

"अन् कुंताची पेटी मेली तं?"

"माशी मरीन. तुले तं जगा लागते नं इथं."

त्याचं चुकलं असं कोणत्या तोंडानं म्हणावं? त्यानं आपल्या बापाला ओंजळीनं पाणी पिताना पाहिलं होतं. मंगलाबाई उद्या जाऊ म्हणाली, मग परवा म्हणाली, आणि दिवाळी तशीच गेली. ती रोज हात धुवायची, पुन्हा धुवायची, आणि भाकर थापताना तिला आपलेच हात नकोसे वाटायचे.

दिवाळीनंतर एकोडीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. गावोगावचे पाहुणे आले, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजू लागले. दरसाल मंगलाबाई मंडईत मधाच्या बाटल्या मांडून बसायची. त्या साली ती दार लोटून घरात बसून राहिली. कुंताबाई मंडईत तिला शोधत फिरली. चिंधू दिसला तेव्हा त्याला विचारलं, आणि चिंधू बोलून गेला, "माहेरी गेली."

संध्याकाळी त्यानं हे सांगितलं ते चुलीकडे पाहत. "कुंताबाईच्या पेटीत माश्या कमी झाल्या म्हणे. तुह्याजवळ पऱ्हे मागाले आली होती. तू घरी नाही म्हटल्यावर टिकारामले मागतले. तो उद्या सकाळी नेऊन देतो म्हणे."

"कोणत्या पेटीतले?"

"एकच तं भरली हाये त्याची."

मंगलाबाई चुलीपुढून उठली. आपण घरात लपून बसलो म्हणून ती टिकारामकडे गेली. चिंधू घाईघाईनं म्हणाला, "आपल्या पेटीतलं नाही नं जाऊन राहिलं ते." ती म्हणाली, "टिकारामच्या पेटीत कोणाचं हाये मग?"  ती जेवली नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा धानावर दव होतं. आधी ती नेहमीसारखी चालत होती, मग भराभर, मग लुगडं खोचून पळतच सुटली. बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ ओलांडताना पाय घसरला, गुडघा फुटला. मनात एकच, की टिकाराम सायकलवर आहे आणि आपण पायी. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की तो आधीच पोचलेला असू दे, पऱ्हे पेटीत गेलेले असू दे, म्हणजे मग सांगण्यात काही अर्थ उरणार नाही आणि मुकाट्यानं परत फिरता येईल. असं मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच किळस आली. पण आलं होतं.

जांभळीटोल्याच्या अंगणात सायकल टेकवलेली होती. टिकाराम ओलं फडकं सोडवत होता. कुंताबाई समोर उभी होती, आणि तिनं दोन्ही हात पुढे केले होते, मंगलाबाईनंच शिकवले तसे. शकुनबाई वट्यावर होती, आता चांगलीच म्हातारी झालेली. चौकट टिकारामच्या हातातून निघाली.

"खाली ठेव," मंगलाबाई फाटकातून ओरडली. "टिकाराम, ते खाली ठेव."

तिघंही दचकून वळले. टिकारामला कळेचना, चौकट कधी कोणी खाली ठेवते का! पण तिचा अवतार पाहून त्यानं ती भुईवर ठेवली. आपण काय बोललो ते मंगलाबाईच्या कानांनी मग ऐकलं, आणि तिला तिथंच मातीत बसावंसं वाटलं. ती बसली नाही. फाटकाच्या बाहेरच उभी राहून, हात मागे बांधून, तिनं सांगून टाकलं. बिमारी आहे, दवा नाही, पिल्लांची थैली होते. व्यापाऱ्याची पेटी तिनं घेतली, तिच्या पेटीतून टिकारामकडे गेली, त्याच्याकडून भोजराजकडे. "माह्या हातानं आली. माह्या हातचं आता काही घेऊ नोका. हातोहात जाते ते."

टिकारामनं हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाला, "माह्या वट्यावर चहा पेली तू त्या रोजी. तव्हा मालूम होतं तुले?"

"होतं."

"अन् सांगतलं नाही."

"भेव वाटलं."

"माह्या पेट्या गेल्या, त्याचं काही नाही. पण मी माह्या हातानं हिच्या घरी घेऊन आलो असतो." त्यानं सायकल उचलली. फाटकातून बाहेर पडताना तिच्यापासून जरा लांबून गेला, आणि जाता जाता म्हणालाच, "बुढी बरोबर म्हणत होती."

ज्याचं भेव होतं ते असं झालं. मंगलाबाईला रडू आलं नाही. भुईवरच्या चौकटीला मुंग्या लागू लागल्या होत्या आणि माश्या आपल्या पिल्लांभोवती गोल गोल फिरत होत्या. तिनं कुंताबाईला सांगितलं, "आधी तुही पेटी उघड. मी इथूनच पाह्यतो. मी हात लावत नाही." कुंताबाईनं पेटी उघडली, चौकट उचलून उजेडाकडे धरली.

"झाकणाले भोकं हायेत काय?"

"नाही."

"एक झाकण काडीनं खोल. पिल्लू कसं हाये?"

कुंताबाईनं डोळे बारीक केले.  "पांढरं," कुंताबाई म्हणाली. "पांढरं सफेद, मोत्यासारखं. थैली नाही वं." पेटीतल्या माश्या नुसत्या भुकेनं ओसरल्या होत्या. साखरेचं पाणी दिलं की सावरणार होत्या.

तेवढ्यात शकुनबाई काठी टेकत वट्यावरून उतरली. एका हातात पाण्याचा लोटा. फाटकाशी येऊन म्हणाली, "हात कर." मंगलाबाईनं ओंजळ पुढे केली आणि म्हातारीनं वरून पाणी सोडलं. वरून पडणारं पाणी, खाली ओंजळ.  दीक्षेआधी आपला बापही असाच वाकून पाणी प्यायचा. जुनं सगळं परत आलं, एका सकाळीत परत आलं, असं तिला वाटलं. म्हातारीनं लोटा खाली ठेवला, कमरेची राखेची पुडी सोडली, आणि मंगलाबाईचे हात आपल्या सुरकुतल्या हातांत घेऊन खसाखसा घासू लागली.

"साहेबानं साबण सांगतला, मामी," मंगलाबाई कशीबशी म्हणाली.

"साबण संपला. कुंता, चहा ठेव."

भुईवरची चौकट त्यांनी तिथंच धानाच्या तणसात जाळली. मंगलाबाईनं घरी येऊन आपल्या पेट्यांतली पोळीही जाळली. मेणाचा वास एकोडीभर पसरला, आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चिंधूचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. मोहटोल्यात टिकारामच्या घरी तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि पाथरीला रोवणीच्या वेळी वेगळी कपबशी परत निघाली. तिनं त्या घरचा चहा सोडला. त्या हिवाळ्यात या दोन्ही गावांमधल्या पेट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. साहेब पुन्हा आले, त्यांनी सगळ्या घरांची वाट तिच्याकडून ऐकून घेतली आणि म्हणाले की जांभळीटोल्याशी बिमारी थांबली. मंगलाबाईच्या जांभळाखाली नुसत्या विटा राहिल्या. फुलोऱ्याच्या दिवसांत ती त्या बाजूला पाठ करून बसायची.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी कुंताबाई बांधाबांधानं चालत एकोडीला आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली चौकट. अंगणात उभी राहून तिनं फडकं काढलं. चौकट पिल्लांनी भरलेली होती, सगळी झाकणं सबंध, आणि माश्या तिच्या मनगटावर चढत होत्या. एरवी घाबरट बाई, पण हलली नाही.

मंगलाबाई दारातच थांबली. तिनं हात धुतले होते, तरी पुन्हा धुतले. लुगड्याला पुसले. मग उलटेपालटे करून पाहिले. आणि ते काही केल्या वर येईनात.

"कुंता, मले भेव वाटून राहिलं वं," ती म्हणाली. "माह्या हाती नोको देऊ. तिथं विटावर ठेव."

"खाली कसं ठेवू?" कुंताबाई म्हणाली. "मुंग्या लागतीन. घे लवकर, माहे हात दुखून राहिले."